जात कोर्टात शाबीत करताना

भेदभावाचा खटला लढवणाऱ्या वकिलापुढे दुहेरी काम असते. काय घडले हे तर दाखवायचेच, शिवाय ते पीडिताच्या जातीमुळे, धर्मामुळे, बाईपणामुळे किंवा अपंगत्वामुळे घडले हेही दाखवायचे. पहिल्या कामाला साक्षीदार असतात, पंचनामा असतो, डॉक्टरांचा अहवाल असतो. दुसरे काम माणसाच्या मनातल्या कारणाशी असते आणि मनाचा पंचनामा करता येत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीच्या हत्याकांडाच्या खटल्यात पहिले काम पार पडले, दुसरे पडले नाही. हे दुसरे काम एवढे अवघड का, आणि ते ज्यांनी करायचे ते वकील नेमके काय करतात, हे त्या खटल्यातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या खटल्यातून होईल.

इंग्लंडमध्ये ही वकिलीची स्वतंत्र शाखा आहे. तिथे अशिलाशी रोजचा व्यवहार ठेवणारे सॉलिसिटर वेगळे आणि न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करणारे बॅरिस्टर वेगळे. समानतेच्या कायद्यात मुरलेले बॅरिस्टर प्रामुख्याने नोकरीविषयक न्यायाधिकरणांपुढे उभे राहतात. त्यांचे मुख्य हत्यार म्हणजे २०१० चा समानता कायदा. वय, अपंगत्व, लिंगबदल, विवाह, गरोदरपण, वंश, धर्म, लिंग आणि लैंगिक कल अशी नऊ कारणे त्यात नमूद आहेत. त्यांपैकी बहुतेक कारणांवरून नोकरीत, शाळेत, दुकानात किंवा भाड्याच्या घरात वेगळी वागणूक दिली, तर दाद मागता येते.

या बॅरिस्टरांच्या कामाच्या दोन गोष्टी इथे लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे तुलना. काळ्या कामगाराला बढती नाकारली, तर त्याच हुद्द्याच्या, तेवढ्याच अनुभवाच्या गोऱ्या कामगाराला मिळाली असती का, असा प्रश्न बॅरिस्टर न्यायाधिकरणापुढे ठेवतो. असा गोरा कामगार प्रत्यक्षात नसला तर कल्पनेने उभा करतो. दुसरी गोष्ट पुराव्याच्या भाराची. भेदभावाचा निष्कर्ष निघू शकेल इतपत परिस्थिती फिर्यादीने दाखवली, की भार उलटतो. आपल्या वागण्यामागे भेदभाव नव्हता, हे मग मालकाने शाबीत करायचे. मालकाच्या मनातले मालकालाच अधिक ठाऊक, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

त्या नऊ कारणांत जात नाही. ती घालावी अशी तरतूद ब्रिटिश संसदेने २०१३ मध्ये केली. २०१८ मध्ये सरकारने असा कायदा करणार नसल्याचे जाहीर केले. दरम्यान बिहारमधून तिकडे नेलेल्या एका आदिवासी घरकामगार स्त्रीच्या प्रकरणात अपिलीय न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये, जात ही 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकते, असे म्हटले. आज तिकडे जातीची तक्रार उभी राहते ती या निकालाच्या आधारावर.

भारतात बॅरिस्टर ही पदवी आता नावापुरतीच उरली आहे. एके काळी मराठी घरांत बॅरिस्टर म्हटले की डोळ्यांसमोर काळा डगला आणि विलायतेची बोट उभी राहायची. बॅरिस्टर नाथ पै, बॅरिस्टर अंतुले, आणि विदर्भापुरते बोलायचे तर चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने सगळ्यांना एकाच पंगतीत बसवले आणि सनद घेतलेला प्रत्येक जण ॲडव्होकेट झाला. पण भेदभावाच्या खटल्याची मराठी मुलखातली पहिली मोठी लढाई एका बॅरिस्टरनेच लढली. तीत ते स्वतः प्रतिवादी होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळे आमचे, अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट पूर्वापार चालत आलेली आहे, म्हणून त्यांना मनाई करा, असे वादींचे म्हणणे. वास्तविक महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून तळे सर्वांना खुले केले होते. दावा महाडहून ठाण्याला आणि तिथून मुंबई उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळले. (१९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ब्रूमफिल्ड ते हेच.)

या निकालात न्यायालयाने अस्पृश्यतेवर प्रवचन दिलेले नाही. वहिवाट अनादिकालापासूनची असल्याचे वादींना शाबीत करता आले नाही, एवढ्यावर निकाल लागला. पाणी नाकारायचे तर नाकारणाऱ्याने आधी पुरावा द्यायचा, असे त्या दाव्याचे स्वरूप होते. वादी ते ओझे दहा वर्षे वाहत राहिले आणि शेवटी त्याच ओझ्याखाली हरले. भेदभावाच्या खटल्यात भार कोणाच्या डोक्यावर आहे हे अर्धा निकाल ठरवते, ते असे.

हेच बॅरिस्टर आंबेडकर १९५४ मध्ये भंडाऱ्याला आले, पण कोर्टाच्या कामासाठी नव्हे. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत ते शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार होते. मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष भंडाऱ्यात पडला.

त्या घटनेच्या कलम १५ ने राज्यसंस्थेला भेदभावाची मनाई केली आणि कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १७ ला दात देण्यासाठी १९५५ मध्ये अस्पृश्यता अपराध कायदा आला. १९७६ मध्ये तो सुधारून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. त्याच्या कलम १२ मध्ये एक मोलाची तरतूद आहे. या कायद्यातला गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडला असेल, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे आरोपीने शाबीत करायचे. विलायतेतला उलटा भार तो हाच. मात्र या कायद्यातले गुन्हे विहिरीवर, देवळात, हॉटेलात अडवण्याचे. शिक्षा हलकी.

खून, जाळपोळ, बलात्कार अशा गोष्टींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. लोक त्याला नुसते 'ॲट्रॉसिटी' म्हणतात. त्याच्या कलम ३(२)(५) प्रमाणे, दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा, समोरचा माणूस अनुसूचित जाती-जमातीचा आहे 'या कारणावरून' केला असेल, तर जन्मठेप. हे दोन शब्द मुळाशी आहेत. हलक्या गुन्ह्यांच्या कायद्यात कारण गृहीत धरायचे होते, भारी गुन्ह्यांच्या कायद्यात ते फिर्यादी पक्षाने शाबीत करायचे होते. कायदा करणाऱ्यांच्या हे लक्षात आले नसेल असे मानणे कठीण आहे, पण परिणाम व्हायचा तो झाला.

खैरलांजी हे मोहाडी तालुक्यातले छोटे गाव. तिथे भोतमांगे कुटुंब राहत होते: भैयालाल, त्यांची पत्नी सुरेखा आणि तीन मुले. जात महार, धर्म बौद्ध. गावात त्यांच्या समाजाची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कुटुंबाजवळ थोडी शेती होती, मुले शिकत होती, आणि शेतातून जाणाऱ्या वाटेवरून गावातल्या काहींशी वाद होता. सप्टेंबर २००६ च्या सुरुवातीला या कुटुंबाच्या निकटच्या एका माणसाला मारहाण झाली. सुरेखा आणि त्यांच्या मुलीने मारणाऱ्यांची नावे पोलिसांना सांगितली. त्या लोकांना अटक झाली आणि २९ सप्टेंबरला ते जामिनावर सुटले. त्याच संध्याकाळी जमाव घरावर चालून आला. सुरेखा आणि तिन्ही मुलांना ठार करण्यात आले. प्रेते कालव्यात सापडली. भैयालाल तेवढे वाचले.

तीन दिवसांनी, २ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो लोक जमले. अंतर फारसे नाही; पण खैरलांजीत काय झाले ते महाराष्ट्राला नीट कळायला आणखी बरेच दिवस लागले. नोव्हेंबरात ठिकठिकाणी मोर्चे निघाले, पोलिसांच्या तपासातली ढिलाई चव्हाट्यावर आली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. डिसेंबरअखेर अकरा जणांवर दोषारोपपत्र दाखल झाले. त्यात ॲट्रॉसिटीची कलमेही होती.

खटला भंडाऱ्यात चालला. विशेष सरकारी वकील होते उज्ज्वल निकम. १५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जण दोषी ठरले, तिघे सुटले. नऊ दिवसांनी सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावण्यात आली. त्या सहा जणांना याहून कडक शिक्षा असूच शकत नव्हती. तरीही ॲट्रॉसिटीच्या कलमांखाली एकही आरोपी दोषी ठरला नाही. मारहाणीच्या प्रकरणात नावे सांगितल्याच्या रागातून, सुडापोटी, हे खून झाले. जातीच्या कारणावरून झाले असे शाबीत होत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. जातीबाबतचा निष्कर्ष तोच राहिला.

इथे इंग्लंडच्या बॅरिस्टरांची तुलना उपयोगी पडते. सूड होता हे खरे. पण सुडाने जात पुसली जाते का? गावातल्या बहुसंख्य जातीच्या एखाद्या बाईने अशीच नावे सांगितली असती, तर तिच्या घरावर एवढा जमाव गेला असता का, आणि मुलांसकट सगळे घर संपवले असते का? सुडाचे निमित्त नावे सांगण्याचे. पण सूड इतक्या टोकाला नेण्याची मुभा आपल्याला आहे, हा विश्वास जमावाला कुठून आला? हा प्रश्न भावनेने विचारून कोर्टात भागत नाही. गावातली आधीची भांडणे, ती कोणाशी झाली आणि कशी मिटली, त्या कुटुंबाला घर बांधताना किंवा वाटेवरून जाताना झालेला अडथळा, जमावात कोण काय ओरडत होते, अशा साक्षींची रचना करून तो विचारावा लागतो. अशी रचना तपासाच्या पहिल्या आठवड्यात झाली तर होते. साक्षीदार पांगल्यावर आणि काही फितूर झाल्यावर नामवंत वकीलही ती उभी करू शकत नाही. खैरलांजीत न्यायालयाने सूड आणि जात यांतले एक निवडले. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात हे त्या निकालात कुठे दिसत नाही, आणि तोच त्याचा मोठा दोष म्हणावा लागेल.

फाशीच झाली असताना ॲट्रॉसिटी लागली काय नि न लागली काय, असे तेव्हा अनेकांनी विचारले. फरक पडतो. त्या कायद्याखाली निकाल लागला तर घडलेला प्रकार जातीय अत्याचार म्हणून सरकारदरबारी नोंदला जातो, आणि पुढच्या खटल्यांत वकिलाला तो दाखवता येतो. एरवी तो शेतीच्या वाटेवरून झालेल्या भांडणाचा खून म्हणून उरतो.

खैरलांजीसारख्या निकालांचा अनुभव गाठीशी आल्यावर कायदा सुधारला. २६ जानेवारी २०१६ पासून 'या कारणावरून' हे शब्द गेले. समोरचा माणूस अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे माहीत असताना गुन्हा केला, एवढे पुरेसे झाले. त्याच्या जोडीला कलम ८ मध्ये एक गृहीतक आले: आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने धरून चालायचे. खेड्यात कोणाची जात कोणाला माहीत नसते? म्हणजे भार जवळजवळ उलटला. आंध्र प्रदेशातल्या एका अंध दलित मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये जात, लिंग आणि अपंगत्व एकाच देहात कशी एकवटतात यावर विस्ताराने लिहिले. त्या मुलीच्या बाबतीतही बलात्कार शाबीत धरला आणि ॲट्रॉसिटी उतरवली, कारण गुन्हा २०११ चा, म्हणून जुने शब्द लागू.

जिल्ह्याच्या ठिकाणी असे खटले लढवणाऱ्या वकिलाचे काम सुरू होते ते एफआयआरच्या प्रतीपासून. 'जातिवाचक शिवीगाळ केली' असे मोघम वाक्य त्यात असेल तर बचाव पक्षाचे अर्धे काम झाले. कोणी, कोणता शब्द उच्चारला, तेव्हा जवळ कोण होते, हे जसेच्या तसे यायला हवे. भंडाऱ्याकडे त्यात आणखी एक अडचण. फिर्यादी तिथल्या झाडीबोलीत सांगतो आणि ठाण्यातला जमादार ते कागदी मराठीत उतरवतो. मूळ शब्द तिथेच गळून पडतो. सहा महिन्यांनी, वर्षाने, साक्षीच्या पिंजऱ्यात फिर्यादी मूळ शब्द सांगतो, तेव्हा उलटतपासणीत पहिला प्रश्न ठरलेला: हे तुम्ही पोलिसांना सांगितले नव्हते, बरोबर? म्हणून जाणता वकील अशिलाला ठाण्यात सही करण्याआधी जबाब मोठ्याने वाचून घ्यायला सांगतो. कायद्यातही तसे आहे. अधिकाऱ्याने तक्रार वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची. हे कर्तव्य मुद्दाम टाळणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते.

मग जागेचा प्रश्न. ॲट्रॉसिटीतल्या अपमानाच्या कलमासाठी अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झाला असला पाहिजे. घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना उच्चारलेला शब्द या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले. अंगणात घडले की ओसरीवर, रस्त्यावरून ते ऐकू जात होते का, यावर पानेच्या पाने युक्तिवाद होतो. त्याखेरीज जातीचा पुरावा दाखवावा लागतो, आणि तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केलेला असावा लागतो. फौजदाराने तपास केला म्हणून कोसळलेले खटले कमी नाहीत.

खटला सरकारचा असतो आणि सरकारी वकील चालवतो. मग पीडिताच्या वकिलाला तिथे जागा कुठे? २०१६ पासून कलम १५-अ ने ती करून दिली. जामीन असो, सुटका असो, शिक्षा असो, पीडिताचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. ते ऐकले नाही म्हणून जामीन रद्द करून घेता येतो. १९९५ च्या नियमांत तर पीडिताची इच्छा असेल तर जिल्हाधिकाऱ्याने नामवंत वकील नेमून द्यावा अशीही सोय आहे. लेखी अर्ज केल्याशिवाय ती कोणी सांगत नाही.

या कायद्याचा गैरवापर होतो, ही ओरडही जुनी आहे. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी अटकेपूर्वी मंजुरी आणि प्राथमिक चौकशी घालून दिली. देशभर आंदोलन झाले, संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ घालून दोन्ही अटी काढल्या आणि २०२० मध्ये न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. खोटी तक्रार होतच नाही असे कोणी म्हणणार नाही, पण आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी होती हा हिशेब चुकीचा आहे. खैरलांजीतही ॲट्रॉसिटीतून आरोपी सुटलेच होते.

जातीपलीकडच्या भेदभावासाठी कायदे सुटे सुटे आहेत: कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा, अपंगांच्या हक्कांसाठी २०१६ चा, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ चा. महाराष्ट्राने जातपंचायतींना आळा घालण्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सगळी कारणे एका छत्राखाली आणणारा, खाजगी मालकाला आणि घरमालकालाही बांधणारा समानता कायदा देशात नाही. त्यामुळे केवळ भेदभावाच्या खटल्यांवर पोट भरणारा वकील जिल्ह्याच्या गावी सापडत नाही. फौजदारी करणारेच हे खटलेही घेतात, आणि त्यांतले थोडे त्यात मुरतात.

भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी वारले. कायद्याचे सुधारलेले शब्द तोवर वर्षभर लागू होते, पण मागल्या तारखेने नाही. ज्यांना ते लागू आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट कामाची: अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि अपंगाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते, आणि अर्ज साध्या कागदावर चालतो.